केसांच्या क्लिपा घरी करायच्यात? आधी पाठ बघा, मग फूल

टाचणी:

गेल्या डिसेंबरात लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगला कोळीनृत्य होतं. १२ मुली. बाईंनी ग्रुपवर विचारलं, अंबाड्यावर लावायला एकसारखी फुलं कोण आणतंय? मी उत्साहाच्या भरात 'मी करते' असं लिहून मोकळी झाले. सॅटिन रिबिनीची पाच पाकळ्यांची फुलं, मध्ये मोती, मागे क्लिप. दोन रात्री जागून केली आणि दिसायला खरंच देखणी झाली होती. पहिलं कडवं संपायच्या आत तीन फुलं स्टेजवर पडली. चौथं एकीच्या पायाखाली आलं. क्लिपा मात्र बाराच्या बारा डोक्यावर जिथल्या तिथे! म्हणजे क्लिपेने केस घट्ट धरले होते, फुलाने क्लिप धरली नव्हती.

तेव्हापासून हा नाद लागला. आतापर्यंत दोनशेच्या वर क्लिपा, बो, स्क्रंची (इलॅस्टिक घातलेले कापडी रबरबँड) झाल्या असतील. नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहून ठेवतेय. शेवटी माझाही एक प्रश्न आहे.

फूल कसं करायचं याचे व्हिडिओ पैशाला पासरी. फूल क्लिपेवर कसं बसवायचं हे त्याच व्हिडिओत शेवटच्या दहा सेकंदांत उरकतात. 'आता ग्लू गनने चिकटवा', झालं. सगळा घोळ त्या दहा सेकंदांत आहे. पत्रा गुळगुळीत असतो, त्यावरून वाळलेला ग्लू नखाने सोलावा तसा अख्खा निघून येतो. तर आता मी असं करते:

लांबट चोचीची पत्र्याची क्लिप घ्यायची, दुकानात तिला ॲलिगेटर क्लिप म्हणतात. साधारण साडेचार सेंटीमीटरची. वरच्या पट्टीवर बारीक पॉलिश पेपर दोन-तीनदा फिरवायचा, चमक जाईपर्यंत. मग कापसाला स्पिरिट लावून पुसायची, कारण नव्या क्लिपेवर कारखान्यातलं तेल असतं आणि आपल्या बोटांचंही लागतं. त्यावर १ सेंटीमीटर रुंदीची बारीक रिबिन गुंडाळून चिकटवायची: वरच्या जबड्यापासून सुरू, दाबायच्या टोकावरून वळवून खाली. अशी अस्तर लावलेली क्लिप केसांत अडकत नाही आणि फूल आता पत्र्यावर न बसता कापडावर बसतं.

दुसरी गोष्ट फेल्टची, म्हणजे त्या जाड दाबीव कापडाची. फुलाच्या पाठीपेक्षा जरा लहान असा फेल्टचा गोल कापायचा, त्याला कटरने दोन समांतर चिरा द्यायच्या आणि क्लिपेचा वरचा जबडा त्या चिरांतून ओवायचा, पट्टा लुप्पीतून ओवतो तसा. मग तो फेल्ट फुलाला चिकटवायचा. उद्या ग्लूने दगा दिला तरी फूल क्लिपेवर अडकून राहतं. हे करायला एका क्लिपेमागे दोन मिनिटं जास्त लागतात, पण त्यानंतर माझं एकही फूल पडलेलं नाही.

सामानाची यादी फार मोठी करू नका. मी पहिल्याच फेरीत रविवार पेठेत जाऊन दीड हजाराचं सामान आणलं. त्यातले हिरवे पुंकेसर, चमकीची पाकिटं आणि पिसं अजून डब्यात आहेत. एक मापाची क्लिप, एक रुंदीची रिबिन, तीन रंग. एवढ्यावर पहिली २० फुलं करा. हात बसला की काय हवं ते आपोआप कळतं.

आता माझा प्रश्न: किंमत कशी लावता? मैत्रिणी 'किती द्यायचे?' विचारतात आणि मी 'अगं राहू दे' म्हणते. हे किती दिवस चालणार?

---

चाफेकळी:

वा, मस्त लिहिलंयस. त्या चिरांची आयडिया कुठेच वाचली नव्हती. मी अगदीच नवशिकी आहे, ग्लू गन कुठली घेऊ? दुकानदार छोटी आणि मोठी अशा दोन दाखवतो. आणि साधा सुपरग्लू चालत नाही का? घरात आहे.

टाचणी:

छोटी २० वॉटची गन घे. तिला ७ मिलिमीटरच्या कांड्या लागतात. मोठीला ११ मिलिमीटरच्या, तिच्यातून एकदम जास्त ग्लू येतो आणि आपल्या कामात तो पाकळ्यांच्या बाहेर फुगतो. चटका मात्र दोन्हींचा सारखाच लागतो! शेजारी गार पाण्याचा वाडगा ठेव, बोटावर ग्लू पडला तर ओढून काढू नकोस, आधी बोट पाण्यात.

सुपरग्लू नको. वाळताना आजूबाजूला पांढरी धुरकट झाक येते, काळ्या-निळ्या रिबिनीवर तर लगेच दिसते. सांधा कडक होतो आणि क्लिप दाबली की तडकतो. शिवाय सुती कापडावर किंवा कापसावर तो सांडला तर एकदम तापतो, चटका बसण्याइतका. माझ्या सुती ओढणीवर पडला होता, म्हणून माहीत.

इतवारीकर:

ताई, ग्लू गनचं कौतुक आमच्या नागपुरात सांगू नका. मागच्या वर्षी मे महिन्यात बहिणीने प्रदर्शनासाठी ८० चाप बनवले. डबा गाडीत ठेवून आम्ही जेवायला गेलो. पाऊण तासाने परत आलो तर मोती घसरून डब्याच्या तळाशी आणि फुलं एकमेकांना चिकटलेली. बंद गाडीत ऊन लागलं की तो ग्लू पुन्हा मऊ पडतो. इतवारीत ज्याच्याकडून सामान घेतो त्याने मग बी-७००० नावाची ट्यूब दिली. ती बारीक नळीची असते, वाळल्यावर रबरासारखी लवचिक राहते आणि उन्हाला टिकते. तोटा एकच, धीर पाहिजे. पाच मिनिटांत धरतो पण पूर्ण पक्का व्हायला एक ते दोन दिवस लागतात. तोवर हात लावायचा नाही, आणि बहिणीला तेच जमत नाही.

टाचणी:

हे खरंय. मी आता पाकळ्या एकमेकींना ग्लू गनने जोडते कारण तिथे झटपट काम लागतं. क्लिपेवरचं अस्तर आणि मोती बी-७००० ने. खिडक्या उघड्या ठेवून, वास बराच येतो त्याला.

गोंडा:

इतवारीकर, 'चाप' वाचून आजीची आठवण झाली. आमच्याकडे साताऱ्याला 'बक्कल' म्हणायचे. 'बक्कल कुठं टाकलंस गं?' असं रोज सकाळी. क्लिप हा शब्द घरात फार उशिरा आला.

इतवारीकर:

आमच्याकडे चापच. 'चाप लावून दे बे.'

शिलाईकाका:

अंबाड्याला लागतो तो आकडा, वेणीला लागतो तो गोंडा, भांगाच्या बाजूला लागतो तो चाप, आणि मागे केस एकत्र धरतं ते बक्कल. आता सगळ्याला मिळून क्लिप. आणि जबड्यासारखा मोठा तो क्लचर, हे नाव कुठून आलं देव जाणे.

उगाचच:

धागा चांगला आहे, पण एक शंका. तुळशीबागेत किंवा लोकलमध्ये डझनभर क्लिपा चहाच्या पैशात मिळतात. मग रात्री जागून बोटं भाजून घ्यायची कशाला? हौस असेल तर ठीक, पण धंदा म्हणून?

टाचणी:

लोकलमधल्या क्लिपेशी स्पर्धा करायला गेलं तर हरणारच. ती साच्यातून निघते. माझ्याकडे जे येतात ते 'या साडीच्या काठाच्या रंगाची हवी', 'डोहाळजेवणाला हिरव्यात पाच हव्यात', 'मुलीचे केस विरळ आहेत, घसरत नाही अशी द्या' असं म्हणत येतात. लोकलमध्ये यातलं काही मिळत नाही. रात्री जागणं मात्र मीही बंद केलंय, ते तुमचं बरोबर.

चाफेकळी:

विरळ केसांसाठी काय करतेस? माझ्या पुतणीचे केस रेशमासारखे आहेत, कुठलीही क्लिप दहा मिनिटांत खाली.

टाचणी:

खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला मखमली रिबिनीचा तुकडा लाव, लव वरच्या बाजूला येईल असा. कपाटात घालायची जाळीदार रबरी मॅट असते तिची बारीक पट्टीही चालते. आणि फूल हलकं कर. दोन इंची चौकोनाऐवजी दीड इंची. जड फूल विरळ केसांवर ओणवं होतंच.

दाट केसांसाठी वेगळं. आडवं बक्कल असतं ना, ज्याला आता फ्रेंच क्लिप म्हणतात, त्याच्या मधे एक वाकडी स्प्रिंगची पट्टी असते. दाट केस त्यात मावत नाहीत. ती मधली पट्टी काढून टाकली की जास्त केस बसतात, काढता-घालता येते ती. त्या बक्कलाच्या दोन्ही टोकांना भोकं असतात, पत्रा तसा का पाडलाय याचा विचार मी वर्षभर केला नव्हता! तिथून दोरा किंवा तार ओवून फूल शिवायचं असतं. ग्लू फक्त हलू नये म्हणून.

खणाचीवेणी:

मला खणाच्या क्लिपा करायच्यात. गौरीच्या सणाला बायका खणाच्या साड्या आणि परकर-पोलकी घालतात, त्याला जुळत्या. एक खण कापून बघितला तर कडा भराभरा सुटल्या. रिबिनीसारखी मेणबत्तीवर धरली तर जळाली. काय करू?

शिलाईकाका:

पोरी, मेणबत्तीवर सॅटिन वितळतं कारण ते पॉलिस्टर आहे. सुती कापड वितळत नाही, जळतं. कापड आणलं की आधी एक दोरा ओढून काढ आणि चिमट्यात धरून पेटव. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सूत. केस जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख तर रेशीम. आणि आक्रसून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. आजकाल खण म्हणून तिन्ही मिळतात, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नकोस. खण मूळ गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला. तिथल्या मागावरचा अस्सल घेतलास तर पोत वेगळाच असतो, पण क्लिपेसाठी दुकानातले उरलेले तुकडे पुरे.

आता कडा. कापायच्या आधी संपूर्ण तुकड्याला उलट्या बाजूने फ्युजिंग लाव, शर्टाच्या कॉलरला वापरतात ना ते, पातळ घे. इस्त्री ठेवून दाबायची, घासायची नाही. मग काप. धागे सुटत नाहीत आणि कापडाला अंग येतं. बो करायचा असेल तर दोन तुकडे उलटे शिवून पलटव, म्हणजे कड आतच जाते. आणि काठ वाया घालवू नकोस. खणाचा काठ हाच त्याचा चेहरा आहे, तो बोच्या मधल्या गाठीवर आला पाहिजे. नवशिके मधे साधं कापड लावतात आणि काठ मागे जातो, ते बघून जीव तुटतो.

खणाचीवेणी:

काका, 🙏. इतकं कोणी नीट सांगत नाही. उरेब (तिरकं) कापू की सरळ?

शिलाईकाका:

बो सरळ. स्क्रंची सरळ. वेणीत गुंफायची पट्टी किंवा डोक्याला बांधायचा पट्टा उरेब, म्हणजे तो डोक्याच्या गोलाव्याला बसतो. पण उरेबेत कापड जास्त जातं, हिशेबात धर.

गोंडा:

स्क्रंचीचं माप सांगा ना कोणीतरी. मी केली ती एक तर बांगडीएवढी झाली, एक गोधडीएवढी.

टाचणी:

कापड २२ इंच लांब, ४ इंच रुंद. इलॅस्टिक ८ ते ९ इंच, पाव इंच रुंदीचं. कापड लांबीवर दुमडून नळी शिवायची, सेफ्टी पिनने पलटवायची, इलॅस्टिक ओवून गाठ मारायची, वर दोन टाके. मुलींसाठी कापड १६ आणि इलॅस्टिक ७. गोधडी झाली म्हणजे तू रुंदी जास्त घेतलीस. आणि सुती कापड आधी धुऊन घे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि शिवण ओढली जाते.

दूरदेशी:

टोकियोतून लिहितेय. तुम्ही सगळ्या करता ती रिबिनीची पाच पाकळ्यांची फुलं इथल्या त्सुमामी कानझाशीची, म्हणजे कापड दुमडून केलेल्या केसांतल्या फुलांची, धाकटी बहीण आहेत. इथे त्यासाठी पातळ रेशमाचे छोटे चौकोन घेतात, चिमट्याने दुमडतात आणि चिकटवायला तांदळाची खळ वापरतात. एदो काळापासून (१६०३ ते १८६८) ही कला चालत आलीय आणि क्योतोच्या माइको, म्हणजे शिकाऊ गेशा, दर महिन्याला त्या ऋतूचं फूल डोक्यात घालतात. एप्रिलमध्ये चेरी, नोव्हेंबरमध्ये मेपलची पानं. पाळी ठरलेली.

दोन पाकळ्या शिकल्या की बाकी सगळी त्यांचीच पिल्लं. टोकदार पाकळी: चौकोन तिरका दुमडा, त्रिकोण झाला. तो पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. खालची कड सरळ कापा. गोल पाकळी: पहिल्या त्रिकोणाची दोन्ही टोकं वरच्या शेंड्याकडे आणा, लहान चौकोन झाला, मग बाजूची टोकं मागे वळवून एकमेकांना भेटवा. मी इथल्या आजींच्या वर्गात गेले तेव्हा पहिल्या दिवशी फक्त टोकदार पाकळ्या, ६०. फूल नाहीच. त्यांनी माझी प्रत्येक पाकळी उलटी करून पाठच बघितली, ती टोकं नीट भेटली नसतील तर बाजूला ठेवली. १९ बाजूला गेल्या.

टाचणी:

१९ म्हणजे खूपच चांगलं! माझ्या पहिल्या ६० मधल्या ५० गेल्या असत्या.

सॅटिनवाल्यांसाठी एक पुरवणी: ज्योतीच्या टोकावर धरू नका, काजळी धरते. ज्योतीच्या बाजूला, खालच्या निळ्या भागाजवळून झटकन न्या. पांढऱ्या रिबिनीवर काळा डाग पडला की ते फूल संपलं.

चाफेकळी:

एका रोलमध्ये किती फुलं होतात?

टाचणी:

रोल १० यार्डचा असतो, म्हणजे ३६० इंच. दोन इंची रिबिनीचे दोन इंचाचे चौकोन, पाच पाकळ्या म्हणजे फुलाला १० इंच. कागदावर ३६ फुलं होतात. हातात ३३-३४ येतात, कारण थोडं जळतं, थोडं वाकडं कापलं जातं. आणि रोल कधी कधी १० यार्डचा नसतोच. घरी येऊन एकदा मोजा, मग पुढच्या वेळी त्या दुकानात जायचं की नाही ठरवा.

समुद्रकाठी:

मी देवगडची. इथे सामानाला गंज ही मोठी कटकट. पावसाळ्यात क्लिपांची पिशवी उघडी राहिली की महिन्याभरात स्प्रिंगवर तांबूस ठिपके. आधी गंजते ती स्प्रिंग, पट्टी नंतर. मी क्लिपा ग्रोसने मागवते, म्हणजे १४४ नग, आणि मागवल्या की लगेच हवाबंद डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत. ज्या क्लिपा ओल्या केसांना लावतात त्या टिकत नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगते. गंजाचा डाग पांढऱ्या फ्रॉकवर पडला तर आई आपल्यालाच बोलणार.

पाळणा:

माझं बाळ ८ महिन्यांचं. बारशाला आलेले हेअरबँड पाहून लिहावंसं वाटलं. करणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्या: तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूवर सुटे मोती, खडे नकोत. बाळ हाताला लागलं ते तोंडात घालतं. झोपताना हेअरबँड काढायचा हे कार्डावर लिहा, तो घसरून नाकावर किंवा गळ्यात येतो. कपाळावर वळ उठत असेल तर तो घट्ट आहे, मग कितीही गोड दिसो. मला ११ हेअरबँड मिळाले, त्यातले वापरण्यासारखे २.

टाचणी:

हे सोन्यासारखं. मी बाळांसाठी आता मोती लावतच नाही, मध्ये दोऱ्याची गाठ किंवा भरतकामाचा फ्रेंच नॉट. क्लिपही नाही, रुंद मऊ नायलॉनचा पट्टा.

अजून एक: काहींना निकेलची ॲलर्जी असते. क्लिप लागते तिथे खाज, लाल चट्टा. क्लिपेला खालपर्यंत अस्तर असेल तर धातू त्वचेला कमी लागतो.

गोंडा:

मूळ प्रश्नाकडे या. किंमत!

समुद्रकाठी:

मी सांगते, माझा हिशेब, तुमच्या गावात भाव वेगळे असतील. एका पाच पाकळ्यांच्या फुलाला: रिबिन पावणेतीन रुपये, क्लिप अडीच, अस्तर आणि फेल्ट दोन, मोती एक, चिकटवणं दीड, कार्ड आणि पिशवी अडीच. सव्वाबारा रुपये. इथे बहुतेक जणी थांबतात आणि २५ ला विकून 'दुप्पट मिळाले' म्हणतात. पण मला एका क्लिपेला २० मिनिटं लागतात. तासाचे मी ९० धरते, म्हणजे ३० रुपये. एकूण सव्वाबेचाळीस. मी ६० ला विकते.

आता दुकानदार म्हणाला, 'ठेवा माझ्याकडे, एक तृतीयांश माझे', तर हातात ४०. म्हणजे सव्वादोन रुपये खिशातून घालून मी त्याला क्लिप दिली! पहिलं वर्ष मी हेच केलं आणि धंदा छान चाललाय असं समजत होते. दुकानात द्यायचं असेल तर तिथली किंमत वेगळी धरा, नाहीतर वेळ कमी करा. एकाच बैठकीत ५० चौकोन कापायचे, दुसऱ्या बैठकीत सगळ्या पाकळ्या, तिसऱ्यात जोडणी. एकेक फूल पूर्ण करत बसलं की वेळ दीडपट जातो.

उगाचच:

हा प्रतिसाद वाचून माझी शंका फिटली. टोमणा मागे.

टाचणी:

तासाचे ९०! मी माझा वेळ शून्य रुपये धरत होते. नवऱ्याला हा हिशेब दाखवला तर तो म्हणाला, 'मग स्वयंपाकाचे किती?' त्यावर वेगळा धागा काढू.

इतवारीकर:

कुठे विकता? बहिणीला प्रदर्शनं परवडत नाहीत, स्टॉलचं भाडंच निघत नाही.

समुद्रकाठी:

संक्रांत. हळदीकुंकवाचं वाण म्हणून ५१ किंवा १०१ नग एकदम जातात, सगळे सारखे, म्हणजे कामही सोपं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नमुने फिरवायला लागा, जानेवारीत सगळ्यांनी ठरवलेलं असतं. दुसरं म्हणजे नवरात्रातले नऊ रंग. नऊ स्क्रंचींचा संच, रंग जाहीर झाले की लगेच. तिसरं आसपासच्या शाळा, कारण प्रत्येक शाळेची रिबिन ठरलेल्या रंगाची असते आणि जूनमध्ये ती नेमकी दुकानात संपलेली असते.

बचतगटात असाल तर उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) कार्यालयात चौकशी करा, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत गटांना जागा मिळते.

शिलाईकाका:

उद्यम नोंदणी फुकट होते, सरकारी पोर्टलवर स्वतः करा. दोन हजार घेणारे एजंट हिंडत असतात, त्यांना वाटेला लावा. जीएसटीचं म्हणाल तर आपल्याच राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही. ऑनलाइन संकेतस्थळांवरही ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात विकायचं असेल तर नोंदणीशिवाय चालतं, फक्त पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात पाठवायला लागलात की सीएकडे जा.

खणाचीवेणी:

फ्युजिंग लावून बो केला. काठ मधल्या गाठीवर. काका, तुम्ही म्हणालात तसंच दिसतंय.

मोगरा_७:

मोत्यांची वेणी करणारं कोणी आहे का? नवरीच्या अंबाड्याभोवती लावतात ती. माझी सारखी विस्कटते.

गोंडा:

तंगूसमध्ये (नायलॉनच्या दोऱ्यात) ओवतेस का? तंगूस कडक असतो, अंबाड्याच्या वळणाला बसत नाही आणि गाठ सरकते. मी २८ गेजची तार वापरते, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. दर मोत्यानंतर तारेला दोन पीळ. मोती जागचे हलत नाहीत आणि हवं तसं वाकवता येतं. कंगव्याच्या पिनेवर बसवायचं असेल तर तीच तार दातांमधून गुंडाळायची. तारेची टोकं पक्कडीने आत वळव, नाहीतर नवरीच्या मानेला टोचतात आणि फोटोत तिचा चेहरा तसा येतो.

मोगरा_७:

😄 आज रात्री करून बघते. म्हणजे उद्या सकाळी.

चाफेकळी:

माझं पहिलं फूल झालं! फोटो टाकतेय. पण डोक्यात लावलं की पुढे झुकतं. अस्तर आहे, फेल्ट आहे, चिरा दिल्यात. मग कुठे चुकलं?

टाचणी:

अगं किती सुरेख, रंग मस्त निवडलेस. फूल दाबायच्या टोकाकडे लावलंयस का? तिथे लावलं की दाबताना बोटाखाली येतं आणि वजन केसांच्या बाहेर लोंबतं. चोचीकडे सरकव, फुलाचा मध्य जबड्याच्या मध्यावर. फोटोत नीट कळत नाहीये. पाठीचा फोटो टाक ना.

चाफेकळी:

पाठीचा टाकू? तिकडे ग्लूचे डाग आहेत गं.

टाचणी:

डागांसकट टाक.

चाफेकळी:

टाकला. हो, दाबायच्या टोकाकडेच होतं. फेल्ट सोडवून पुन्हा बसवते. डावीकडचा तो पिवळा डाग ग्लूचा नाही, हळदीचा आहे.